शंभर दाण्यांचा धडा

"गुरुजी, लेकराला आम्ही शाळेत शिकायला धाडतो. कामच करायचं असलं तर शेतात काय कमी हाय?"

लातूर-नांदेडकडच्या गावात एखाद्या हौशी मास्तरांनी मुलांच्या हाती टेप, खुरपे किंवा पाना दिला, की आठ दिवसांच्या आत कोणी तरी पालक शाळेच्या दारात येऊन हा प्रश्न विचारतोच. त्या पालकाला हसू नये. बापाने आपली पाठ मोडून घेतली ती पोराच्या हातचा विळा सुटावा म्हणून, आणि मास्तर पुन्हा तोच विळा त्याच्या हाती देतात असे त्याला वाटते. त्यातून आमच्या लातूरचा लौकिक काय, तर परीक्षेचा. 'लातूर पॅटर्न'चे नाव ऐकून परजिल्ह्यांतली मुले इथे खोल्या घेऊन राहतात. ज्या मातीत गुणांचे पीक एवढे जोरात येते, तिथे "मुलांना हाताने काही करू द्या" म्हणणारा माणूस थोडा वेडाच ठरायचा.

या प्रश्नाचे उत्तर वाद घालून देता येत नाही. त्याला एक गोणपाट, शंभर दाणे आणि पाच-सहा दिवस लागतात.

२०२० सालचा खरीप पुष्कळांच्या लक्षात असेल. सोयाबीन पेरले आणि उगवलेच नाही, अशा तक्रारी मराठवाडाभर झाल्या. आदल्या वर्षी ऐन काढणीत परतीच्या पावसाने सोयाबीन भिजले होते. तेच पुढे बियाणे म्हणून आले, आणि दाणा वरून टपोरा दिसला तरी आतला कोंब मेलेला निघाला. ज्यांनी पेरणीपूर्वी घरी उगवण तपासली ते सावध झाले. ज्यांनी नाही तपासली त्यांना दुबार पेरणी करावी लागली, आणि दुबार पेरणी म्हणजे काय हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

आता ही तपासणी शाळेत कशी होते ते पाहा. मे महिन्यात शाळेला सुटी असते, म्हणून एप्रिलअखेर किंवा जूनमध्ये शाळा उघडताच ती करावी. प्रत्येक मुलाने घरच्या बियाण्यातले शंभर दाणे आणायचे. निवडून चांगले चांगले आणायचे नाहीत, पोत्याच्या वरून, मधून, खालून जसे हाती येतील तसे आणायचे. (इथेच पहिला धडा झाला. नमुना कसा घ्यावा, हे मोठमोठ्या पाहण्या करणारेही चुकतात.) ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळी मांडायच्या, दुसऱ्या ओल्या गोणपाटाने झाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि धडधाकट कोंब मोजायचे.

सत्तर किंवा अधिक निघाले तर बी उत्तम. मग एकरी तीस किलोचा नेहमीचा हिशेब चालतो. समजा साठच निघाले. मग किती बी पेरावे म्हणजे रानात तेवढीच रोपे उभी राहतील? तीस गुणिले सत्तर भागिले साठ, म्हणजे पस्तीस किलो. हे आपल्या आजोबांच्या वेळचे त्रैराशिक. पुस्तकात हेच गणित 'दहा मजूर बारा दिवसांत भिंत बांधतात' असे येते आणि मुलगा ते पाठ करून विसरतो. इथे मात्र उत्तर चुकले तर पाच किलो बियाण्याचे पैसे जातात किंवा रान विरळ होते. हे ज्या पोराला कळते ते पोर दोनदा ताळा करून पाहते. पन्नासच्याही खाली आले, तर त्या बियाण्याचा मोह सोडून दुसरे शोधावे.

गणित आटोपले की त्याच गोणपाटावर विज्ञान सुरू होते. सोयाबीनचा दाणा उगवताना आपली दोन्ही बीजदले डोक्यावर घेऊन मातीतून वर येतो, तर हरभरा आणि तूर ती जमिनीतच ठेवून नुसता कोंब वर काढतात. डबक्यातल्या ओल्या मातीत एक सोयाबीन आणि एक हरभरा लावून ठेवा, फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग त्यांनाच विचारा, सोयाबीन चार बोटे खोल पडले आणि वर पावसाने पापुद्रा धरला तर काय होईल? एवढे ओझे घेऊन मान वर काढताना कोंब मोडेल, हे मुले आपणहून सांगतात. सोयाबीन तीन ते चार सेंटिमीटरच्या खाली पेरू नये हा कृषी खात्याचा सल्ला मग पाठ करावा लागत नाही.

भाषेचा तास? बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचणे हाच भाषेचा तास. वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, चाचणीची तारीख. बी उगवले नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि त्या वेळी पिशवी, लेबल, पावती आणि थोडेसे शिल्लक बी जवळ असावे लागते. असा अर्ज आठवीच्या मुलांकडून लिहवून घ्यावा. 'सहलीला परवानगी मिळणेबाबत' या अर्जापेक्षा तो त्यांना अधिक उपयोगी पडेल. भूगोल हवा असेल तर सोयाबीन मूळचे चीनकडचे, आणि इतिहास हवा असेल तर घरच्या आजीला विचारावे, "आज्जे, सोयाबीन यायच्या आधी या रानात काय होतं?" आजी ज्वारी, मूग, उडीद, कापूस, करडई असे सांगू लागली की एका पिढीत आपले रान आणि आपले ताट कसे बदलले ते वहीत उतरते.

एका कामाभोवती सगळे विषय बांधण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, समवाय. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि नई तालीम, म्हणजे मूलोद्योगाचे शिक्षण, सेवाग्रामला सुरू झाले. सूत कातताना अंकगणित, कापसावरून भूगोल, कपड्यांवरून इतिहास, असा तो विचार होता. त्याच्याही आधी, १८९६ साली, अमेरिकेत शिकागो येथे जॉन ड्युई यांनी मुलांना स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम यांतून शिकवणारी शाळा काढली होती. विचार नवा नाही. मग तो रुजला का नाही?

माझे मत सांगतो. पुढे सरकारी शाळांतून समवाय उरला नाही, नुसती टकळी उरली. मुले पेळू घेऊन बसायची, सूत तुटायचे, निघालेले सूत कोणाला नको असायचे, आणि तास संपला की टकळी खोक्यात जायची. ज्या कामाची गावाला गरज नाही ते काम शिकवण्याचे ढोंग मुलांना लगेच कळते. दुसरे असे, की शहरातल्या साहेबाचा मुलगा इंग्रजी शिकणार आणि आमच्याने मात्र सूत कातायचे, हा दुजाभाव पालकांना खुपला. तो खुपायलाच हवा होता.

पाबळचे डॉक्टर

ही दोन्ही कोडी ज्यांना बऱ्याच अंशी सुटली ते डॉ. श्रीनाथ कलबाग. ते नावाचे डॉक्टर, रोग्यांचे नव्हेत. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतली, म्हैसूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत काम केले, मग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर राहिले. १९८२ मध्ये ती नोकरी सोडली आणि १९८३ मध्ये पत्नी मीराताईंसह पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ या गावी जाऊन 'विज्ञान आश्रम' काढला. पाबळ तेव्हा आपल्या मराठवाड्यासारखेच कोरडे, दुष्काळी गाव. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या पुण्यातल्या भारतीय शिक्षण संस्थेचा त्यांना आधार होता.

कलबागांचे म्हणणे साधे होते. मूल जन्मल्यापासून हाताने चाचपून, मोडून, जोडून शिकते. शाळेत आले की आपण त्याचे हात बांधतो आणि मग ते मठ्ठ झाले म्हणून ओरडतो. म्हणून त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी अभ्यासक्रम बेतला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम, बाकीचे दिवस नेहमीची शाळा. कामाचे चार भाग केले: अभियांत्रिकी म्हणजे लोखंड, लाकूड, बांधकाम, ऊर्जा आणि पर्यावरण, त्यात वीज, मोटर, जमिनीची मोजणी, पाणी, शेती आणि पशुपालन, चौथा भाग घर आणि आरोग्य.

यात दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, काम खरे असायचे. कोणाच्या गोठ्याला फाटक हवे, शाळेला बाक हवे, कोणाला माती तपासून हवी, तर मुले ते करून देत आणि लोक त्याचे मोल देत. फाटक वाकडे झाले तर गिऱ्हाईक घेणार नाही, यापेक्षा कडक परीक्षक कोणता? काटकोन नीट जमवायचा तर तीन-चार-पाचचा त्रिकोण लागतो. तोच पायथागोरसचा सिद्धांत, पण इथे तो दोरीने आखायचा. किती लोखंड लागेल, वेल्डिंगच्या कांड्या किती, वीज किती, मजुरी किती, हे सगळे काढून किंमत लावायची. तेव्हा गणितात नापास झालेला मुलगाही हिशेबात पैशाची चूक करीत नसे. आश्रमात शाळा सुटलेल्या मुलांसाठीही वर्षाचा अभ्यासक्रम चालतो, आणि त्यातून बाहेर पडून वेल्डिंगचे दुकान, पोल्ट्री, रोपवाटिका काढणारे पुष्कळ निघाले.

दुसरी गोष्ट आपल्या घरांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. चारही भाग मुलामुलींनी सारखेच करायचे. मुलीने वेल्डिंग करायचे, मुलाने चिक्की करायची. रक्तातले हिमोग्लोबिन कसे तपासतात हे दोघांनीही शिकायचे. आपल्याकडे माय-बहीण दमली की "तिला काय झालं, बसून तर असते" म्हणणारे घरोघर आहेत. ज्या मुलाने आपल्या हाताने रक्ताचा थेंब घेऊन त्याचा फिका रंग पाहिला, तो पुढच्या वेळी तसे म्हणण्यापूर्वी थांबेल.

पुढे या अभ्यासक्रमाला दहावीच्या बोर्डाने विषय म्हणून मान्यता दिली आणि तो राज्यातल्या अनेक शाळांत गेला. म्हणजे गुणपत्रिकेची पालकांची काळजीही थोडी मिटली. कलबाग २००३ मध्ये गेले, आश्रम चालू आहे. त्याच्या आदल्या वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित संस्थेच्या मदतीने तिथे 'फॅब लॅब' उभी राहिली. संगणकावर चित्र काढायचे आणि त्याबरहुकूम यंत्राने वस्तू कापायची, अशी ती कार्यशाळा. एमआयटीबाहेर निघालेल्या अगदी पहिल्या कार्यशाळांत तिची गणना होते, आणि ती निघाली कुठे, तर पाबळसारख्या खेड्यात.

आगगाडीतले पाणी

पाबळ लांब आहे. आपल्या लातूर-नांदेडला शाळेच्या दारातच काय धडा आहे म्हणाल, तर पाणी.

धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली, दहा टाक्यांची. प्रत्येक टाकीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे सगळे मिळून पाच लाख लिटर. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या, पंचवीस लाख लिटरच्या. देशभर वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून आली.

आता सातवीच्या वर्गात फळ्यावर एवढेच लिहा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. मग एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर. मुलांना म्हणावे, काढा, त्या पहिल्या आगगाडीइतके पाणी एका एकरावर पडायला किती पाऊस हवा?

पाच लाख भागिले चार हजार सत्तेचाळीस. उत्तर सुमारे १२४ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच.

पुढे चला. लातूरला सरासरीच्या वर्षी सातशे मिलिमीटरच्या वरच पाऊस होतो. सातशेच धरा. एका एकरावर वर्षाला अठ्ठावीस लाख लिटर पडतात. पन्नास टाक्यांची जी गाडी साडेतीनशे किलोमीटरवरून आली, तिच्यापेक्षाही जास्त पाणी साध्या वर्षी आपल्या एका एकरावर पडते. हे गणित मी पहिल्यांदा केले तेव्हा माझा विश्वास बसला नाही, तीनदा करून पाहिले. तुम्हीही मुलांकडून करवून घ्या. मग ते पाणी जाते कुठे, हा प्रश्न मुलेच विचारतील, आणि तिथून वाफ, काळ्या मातीच्या भेगा, बांध, नाला, ऊस, बोअर, ग्रामपंचायतीचा पाणी-ठराव, सगळे विषय आपोआप येतात. २०१६ च्या आधी पाऊस लागोपाठ कमी झाला होता हे खरेच. पण ज्या वर्षी पडतो त्या वर्षी तरी आपण त्याचे काय करतो?

विहिरीचेही असेच. दोरीला दर मीटरला गाठ मारून टोकाला दगड बांधायचा आणि दर सोमवारी पाण्याची पातळी मोजायची. (काठावर मोठे माणूस हवेच, मुलांना एकटे सोडू नये.) विहीर सहा मीटर व्यासाची असेल तर एक मीटर पाणी म्हणजे २८ हजार लिटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची, पुस्तकातलेच सूत्र. मग मोटर चालू करून दोनशे लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते घड्याळ लावून पाहायचे. पंचवीस सेकंद लागले तर सेकंदाला आठ लिटर, तासाला २८,८०० लिटर. म्हणजे झरे आटलेले असतील तर तासाभरात मीटरभर विहीर रिकामी. दादा रात्री मोटर लावून झोपतात, त्याचा अर्थ पोराला कळतो, आणि पोरामार्फत दादालाही.

पेटीतली यंत्रे

यंत्रांविषयी बोललेच पाहिजे, कारण आता शिक्षण म्हटले की पडदा आणि मोबाईल पुढे येतो. एका शाळेत मी पाहिले. संगणक आले होते, त्यांवर भरतकामाचे कापड घातले होते, आणि खोलीला कुलूप. किल्ली कोणाकडे, तर जे त्या दिवशी बैठकीला गेले होते त्यांच्याकडे. यंत्र खराब होईल म्हणून मुलांना हात लावू द्यायचा नाही, अशी ती काळजी.

याउलट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे उदाहरण घ्या. जिल्हा परिषदेच्या त्या लहानशा शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाच्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. मोबाईल समोर धरला की कविता ऐकू यावी, धडा दिसावा. नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० मध्ये गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. यंत्र महाग नव्हते. घरी मोबाईल होताच, त्याला धड्याशी बांधायचे सुचले एवढेच.

तरी मी म्हणेन, आधी हात, मग पडदा. मुलांनी टेप घेऊन शेत मोजावे, गुंठे काढावेत, मग मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा उघडून त्याच शेताच्या कडांवरून बोट फिरवून क्षेत्र पाहावे, आणि शेवटी सातबाऱ्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावे. तिन्ही आकडे सहसा जुळत नाहीत. का जुळत नाहीत, यावर जो अर्धा तास वाद होतो तो खरा तास. आधीच मोबाईल दिला तर मुलगा आकडा वाचतो आणि दुसरा व्हिडिओ लावतो.

मास्तरांच्या अडचणीही खऱ्या आहेत. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, त्यात कागदपत्रे भरण्याचे काम. त्यामुळे सगळे विषय रोज एका कामात बसवण्याचा हट्ट धरू नये, वर्षाला दोन-तीन कामे धड झाली तरी पुष्कळ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून गावातल्या कारागिरांकडे शिकण्याची सोय सांगितली आहे. पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते दहा दिवस मागून घ्यावेत. गावातला सुतार, मोटर भरणारा, बचत गटात पापड करणारी बाई, यांना मास्तरांच्या शेजारी उभे करावे. आणि पालकांनी एवढे मात्र पाहावे, की प्रकल्पाच्या नावाखाली मुलांकडून नुसते मैदान झाडून घेतले जात नाही ना. ज्या कामानंतर वहीत काही लिहायला उरत नाही, ते शिक्षण नव्हे, ती वेठ.

शाळा करो न करो, घरी करता येईल असे एक काम सांगून पुरे करतो. थंड पेयाची दोन लिटरची सरळ बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा, त्याच बाटलीत बसवा. बुडाचा वाकडातिकडा भाग खडे आणि पाणी घालून सपाटीला आणा. तिथे शून्याची खूण, आणि वर बाहेरून पट्टी चिकटवा. झाडाखाली नको, वळचणीला नको. उघड्यावर विटांच्या मधोमध घट्ट बसवा, नाही तर कोंबड्या पाडतात. रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याचीही वेळ तीच, लेकराने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहायची, आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचे.

सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये असे कृषी खाते दरवर्षी सांगते. मृगाचा पहिला सडाका झाला, शेजारच्याने पेरणी सुरू केली, जीव खाली-वर होतो. अशा वेळी कॅलेंडरसमोर उभे राहून पोराला विचारावे, "बाळा, किती झाला रे आजवर?" त्याने बत्तीस, अकरा आणि नऊ अशी बेरीज करून बावन्न सांगितले, तर तिफण अजून दोन दिवस गोठ्यातच राहू द्यावी.